बोंडातल्या किडीचा पुतळा

प्रश्न : अमेरिकेत म्हणे कपाशीच्या बोंडअळीचा पुतळा आहे. खरं का? आणि भुईमुगाचे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेतच शिकले का?
– एक कापूस उत्पादक, चोपडा

उत्तर : पुतळा आहे, पण अळीचा नाही. अलाबामातल्या एंटरप्राइज या छोट्या शहरात १९१९ साली उभारलेलं ते स्मारक बोंडातल्या सोंडकिड्याचं. आपली गुलाबी बोंडअळी पतंगाची. हा सोंड्या भुंगा, मेक्सिकोतून १८९२च्या सुमारास टेक्सासात शिरलेला. कपाशी बुडाली, शेतकरी भुईमुगावर गेले, हातात पैसा आला, म्हणून किडीचे आभार! गंमत म्हणजे आधी नुसता एका बाईचा पुतळाच उभा होता; तिच्या हातात किडा आला १९४९मध्ये.

कार्व्हर टस्कीगीत शिकले नाहीत, १८९६पासून शिकवत होते. कॅन्ससमधल्या हायलँडच्या कॉलेजनं त्यांना आधी प्रवेश दिला, मग कातडीचा रंग बघून दारातूनच परत धाडलं. पुढे आयोवात, इंडियनोलाच्या सिम्पसन कॉलेजात चित्रकला आणि तिथून एम्सला शेतीशास्त्र. १८९४ला पदवी, १८९६ला पदव्युत्तर. पीनट बटर त्यांनी शोधलं ही मात्र थाप.

कपाशीला भुईमुगाचा बेवड (म्हणजे आधी घेतलेलं पीक) चांगला, कारण भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतात. पण शेंगा काढताना आपण झाड मुळासकट उपटतो. पाला गुरांपुढे गेला की बराचसा नत्रही वावराबाहेर गेला. निदान त्याचं शेणखत तरी त्याच वावरात परत टाका.