बाबांचे ग्राफ माळ्यावर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, एका पतसंस्थेत कॅशिअर आहे, वय ३८. माझे बाबा चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. मोर, वेलबुट्टी, चौकटी, सगळं आधी ग्राफपेपरवर लाल रंगानं भरायचं. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून चौकोन भरायचे. शाळेपेक्षा मला तेच आवडायचं. बाबा गेले तेव्हा त्यांचे ग्राफ आणि ब्रश ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवले. दर दिवाळीला ट्रंक खाली काढते, पुसते, परत ठेवते. वेळच मिळत नाही, असं सगळ्यांना सांगते. परवा फोनमध्ये पाहिलं तर इन्स्टाग्रामवर रोजचे सरासरी तीन तास दहा मिनिटं! रडू आलं. दोनदा ॲप काढून टाकलं, आठ दिवसांत परत घेतलं. व्हॉट्सॲप तर सोडताच येत नाही. शाळेचा ग्रुप आहे, पाणी कधी सुटणार ते कळवणारा कॉलनीचा ग्रुप आहे. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण असाच एक डबा माझ्याही घरात होता.

माझी आई विजापूरकडची. तिला मावशीची पत्रं यायची, कन्नडमधून. घरात आम्ही कन्नडच बोलायचो, पण शाळा मराठी, त्यामुळे लिपी शिकायची राहूनच गेली. सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आई गेल्यावर ती अंतर्देशीय पत्रं माझ्याकडे आली आणि अकरा वर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिली. त्या अकरा वर्षांत फेसबुकवर मी किती अनोळखी माणसांच्या लग्नांचे फोटो पाहिले असतील! आणि सख्ख्या मावशीचं अक्षर मला वाचता येत नव्हतं.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी शेजारच्या मुलाचं पहिलीचं कन्नड पुस्तक मागून आणलं. रात्री भांडी झाली की फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवायचा, बाहेरच्या खोलीत येऊन पाच अक्षरं गिरवायची. पाचच. अक्षरांचा क्रम आपल्यासारखाच, फक्त ए आणि ओ ऱ्हस्वसुद्धा असतात. पाच झाली की मी मोकळी. मग फोन घेतला तरी चालेल, असं स्वतःला सांगून ठेवलं होतं. पहिले आठ-दहा दिवस घेतलाही. नंतर बऱ्याचदा तो पिठाच्या डब्यावर तसाच राहायला लागला. दीड महिन्यानं एका पत्राची पहिली ओळ अडखळत लागली : ‘नावेल्ल क्षेम’. आम्ही सगळे खुशाल. निळी शाई फिकी झालेली, ‘क्षेम’वर घडी पडून कागद विरलेला. त्या रात्री मी पुढचं काही वाचलं नाही. आता मी आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं मुळातून वाचते. शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची नाममुद्रा आली की जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज डोळ्यांपुढे उभे राहतात.

आता तुमचं. ॲप दोनदा काढलंत आणि दोनदा परत आलंत, याचा दोष स्वतःला देऊ नका. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं अशी सोय शोधून काढली की पान संपायच्या आत खाली पुढचं आपोआप यावं. पुढे त्यालाच त्याची खंत वाटली, तसं तो उघडपणे बोलला आहे. ज्याला तळच नाही, ते ‘एवढं बघून उठते’ म्हणून संपणार कसं? शिवाय ॲप काढलंत तेव्हा हात रिकामेच होते. ट्रंक माळ्यावरच होती ना?

म्हणून या रविवारी आधी ट्रंक खाली काढा. फोनचं नंतर बघू. ग्राफची उभी रेघ म्हणजे ताण्याचा धागा आणि आडवी ओळ म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी, हे तुम्हाला बाबांनी सांगितलं असेलच. जकार्डला, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राला, त्या एका ओळीसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड पंच होतं. तुम्ही रात्री एकच ओळ भरा, म्हणजे एका कार्डापुरतं काम. ती ओळ कुठे संपते, ते बसतानाच दिसत असतं. वीस मिनिटं लागतील, कधी दहा. पतसंस्थेत दिवसभर नोटा मोजून डोळे शिणले असतील त्या दिवशी अर्धी ओळ.

पहाटे पाचला उठा, असा सल्ला मी देणार नाही. पाण्याच्या दिवशी आपण तसंही उठतोच.

व्हॉट्सॲपवर शाळा आणि पाणी, हे दोन ग्रुप वर पिन करा. बाकीचे, नातेवाइकांचेसुद्धा, अर्काइव्हमध्ये टाका. नवा मेसेज आला तरी ते तिथेच राहतात, डोक्यावर येऊन बसत नाहीत. इन्स्टाग्रामला रोजची वेळमर्यादा लावता येते, पण ती सूचना एका बोटानं बाजूला सारता येते, त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं मला जास्त उपयोगी पडलं. चार्जर स्वयंपाकघरात लावा आणि अलार्मसाठी साधं घड्याळ आणा.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. पहिला मोर पूर्ण होईपर्यंत त्याचा फोटो कुठेही टाकू नका, स्टेटसलासुद्धा नाही. टाकलात की दर पाच मिनिटांनी कोणी पाहिलं ते बघायला जाल आणि ओळ अर्धी राहील. बहिणीला दाखवायचा असेल तर घरी बोलवा, शेंगाची चटणी-भाकरी करा आणि कागद तिच्या हातात द्या.

आणि बाबांच्या मूळ ग्राफवर रंग लावू नका. जुना कागद घडीवर तुटतो. ते सपाट ठेवा, मध्ये धुतलेल्या सुती कापडाचे तुकडे घाला, डांबराच्या गोळ्या थेट कागदाला लागू देऊ नका. तुमच्यासाठी नवी पेठेतून कोरा ग्राफपेपर आणा. एखादा अर्धवट राहिलेला ग्राफ ट्रंकेत सापडला, तर तो नव्या कागदावर उतरवून घ्या आणि बाबा जिथे थांबले त्याच्या पुढच्या ओळीपासून सुरू करा.