वाचकांचे प्रश्न : बिनतारी संचाचे न सुटणारे कुलूप

प्रश्न : माझ्या हातात धरायच्या बिनतारी संचाच्या पडद्यावर चावीचे चिन्ह दिसते आणि कीपॅडवरील कोणतेही बटण दाबले तरी संच दाद देत नाही. कुलपाचे बटण दाबून ठेवले की चिन्ह जाते, पण थोड्याच वेळात परत येते. शिवाय पीटीटी, म्हणजे बोलताना दाबून धरायचे बटण, दाबले असता कधी कधी प्रसारणच होत नाही. संच पूर्ण रीसेट केला की सारे ठीक होईल, असे एका परिचितांनी सांगितले आहे. तसे करावे का?

उत्तर : रीसेट तूर्त करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चावीचे चिन्ह आणि प्रसारणाला मिळणारा नकार ही एकाच कुलपाची लक्षणे वाटत असली, तरी बहुतेक संचांत या दोन गोष्टी वेगळ्या असतात. कीपॅडचे कुलूप पट्ट्याला अडकवलेल्या संचाची बटणे चुकून दाबली जाऊ नयेत एवढ्यासाठी असते. ते लागलेले असतानाही पीटीटी सहसा चालूच ठेवतात, कारण अडचणीच्या वेळी कुलूप काढत न बसता माणसाला बोलता आले पाहिजे. त्यामुळे चावीचे चिन्ह दिसत असताना पीटीटी दाबून पाहावे. प्रसारणाचा दिवा एकदा जरी लागला, तरी प्रसारण अडण्याचे कारण चावीच्या चिन्हात नाही, हे स्पष्ट होते.

कुलूप सुटते आणि पुन्हा लागते, यावरून कीपॅड शाबूत आहे आणि संचात स्वयंचलित कुलपाची सोय चालू आहे, असे दिसते. या सोयीमुळे काही सेकंद बटणांना हात लागला नाही की संच स्वतःच कुलूप लावून घेतो. उदाहरणार्थ, हौशी मंडळींमध्ये सर्वत्र आढळणाऱ्या बाओफेंग यूव्ही-५आर या संचात हॅशचे बटण सुमारे २ सेकंद दाबून ठेवल्यावर कुलूप सुटते. मात्र मेनू क्रमांक २४ मधील स्वयंचलित कुलूप बंद केल्याशिवाय ते परत लागायचे थांबत नाही. आपला संच वेगळा असल्यास ही सोय त्याच्या मेनूत दुसऱ्या क्रमांकावर असेल. कुलूप सुटताच लगेच मेनूत शिरावे, म्हणजे मधेच ते लागत नाही.

ज्यांच्या संचाचे कुलूप बटण दाबून मुळीच सुटत नाही, त्यांनी दोन शक्यता तपासाव्यात. व्यावसायिक वापराच्या संचांत कोणत्या बटणाने काय व्हावे हे संगणकावरून ठरवलेले असते आणि कुलूप काढण्याचे काम एखाद्या बाजूच्या बटणाकडे किंवा दोन बटणांच्या जोडीकडे सोपवलेले असू शकते. तो संच ज्याने प्रोग्रॅम केला त्याला विचारणे हाच जवळचा मार्ग होय. दुसरी शक्यता अगदी साधी आहे. रबरी बटणांच्या खाली घाम, ओल किंवा धूळ साचून एखादे बटण दाबलेल्या अवस्थेतच राहते, आणि मग बाकीच्या बटणांकडे संच लक्ष देत नाही. अशा वेळी बॅटरी काढून ठेवावी, कीपॅड उघडता येत असल्यास रबर आणि त्याखालील संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसाव्यात आणि सर्व भाग पूर्ण वाळल्यावरच बॅटरी बसवावी. टोकदार वस्तूने खरवडू नये. संपर्कावरील काळा थर निघाला तर ते बटण कायमचे जाते.

आता प्रसारणाविषयी. आपल्या प्रश्नातील ‘कधी कधी’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. चॅनल केवळ ऐकण्यापुरते ठेवलेले असते किंवा वारंवारता संचाच्या परवानगीच्या पट्ट्याबाहेर असती, तर नकार प्रत्येक वेळी मिळाला असता. अधूनमधून मिळणारा नकार बहुधा व्यस्त चॅनलच्या अटकावामुळे असतो. या सोयीत चॅनलवर आधीच कोणी बोलत असेल तर संच आपले प्रसारण रोखून धरतो. यूव्ही-५आरमध्ये ती मेनू क्रमांक २३ वर आहे. अडचण अशी की, संचाला माणसाचे बोलणे आणि जवळच्या चार्जरचा किंवा एलईडी दिव्याचा विद्युत गोंगाट यांतला फरक नेहमीच कळत नाही. संकेत पकडल्याचा दिवा कोणी बोलत नसतानाही लागत असेल, तर अशा उपकरणांपासून दूर जाऊन पाहावे किंवा स्क्वेल्च (क्षीण संकेत व गोंगाट गाळणारी मर्यादा) थोडा वाढवावा. टोन (संदेशासोबत जाणारा ठरावीक सूर, जो जुळला तरच स्पीकर उघडतो) लावलेला असल्यास स्पीकर शांत राहतो आणि चॅनल मोकळे आहे असा आपला समज होतो, म्हणून दिव्यावरच विश्वास ठेवावा. हा अटकाव बंद करता येतो. पण चॅनल इतरांसोबत वापरले जात असेल तर तो चालूच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे, कारण दोघे एकदम बोलले की दोघांचाही संदेश बुडतो. बोलताना मध्येच प्रसारण तुटत असेल तर कारण बहुधा सलग बोलण्याच्या वेळमर्यादेचे असते, आणि पीटीटी सोडून पुन्हा दाबले की ते सुरू होते. बॅटरी उतरल्यावरही अनेक संच प्रसारण थांबवतात व ऐकणे मात्र चालू ठेवतात.

एवढे करूनही रीसेट करावे लागलेच, तर त्याआधी प्रोग्रॅमिंग केबल लावून संचातील सर्व माहिती संगणकावर उतरवून घ्यावी. चर्प हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ संचांसाठी हे काम करते. केबल नसल्यास प्रत्येक चॅनलची वारंवारता, रिपीटरच्या (संकेत झेलून पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या) ऑफसेटची, म्हणजे बोलण्याच्या व ऐकण्याच्या वारंवारतांमधील फरकाची, दिशा व प्रमाण आणि ८८.५ हर्ट्झसारखा टोन कागदावर लिहून घ्यावा. यूव्ही-५आरमध्ये रीसेटचे दोन प्रकार आहेत: पहिला मेनूतील मांडणी मूळ स्थितीत नेतो, दुसरा साठवलेली चॅनलेही पुसतो. पहिल्याने भागत असताना दुसऱ्याला हात लावू नये. टोन हरवला की रिपीटर उघडत नाही, आणि मग संचाला नवे कुलूप लागले, असे वाटून पुन्हा धावपळ सुरू होते.

प्रश्न : एका संस्थेने विकलेला जुना डिजिटल संच घेतला. बॅटरी भरलेली आहे, तरी त्यावर काहीही ऐकू येत नाही आणि एकही बटण चालत नाही. तो उघडता येईल का?

उत्तर : हा संच बहुधा दूरवरून निकामी केलेला आहे. डीएमआर आणि टेट्रा या डिजिटल बिनतारी संभाषणाच्या दोन्ही पद्धतींत हरवलेला किंवा चोरीस गेलेला संच हवेतून संकेत पाठवून बंद करण्याची सोय असते. असा संच वरून मेलेला दिसतो, पण आतून नियंत्रण केंद्राचा संकेत ऐकत असतो आणि पुन्हा चालू करण्याचा संकेत मिळाला तर जागा होतो. टेट्रामध्ये कायमचे निकामी करण्याचाही प्रकार आहे. त्यातून संच हवेतून परत येत नाही. विक्री करणाऱ्या संस्थेकडे संचाचा अनुक्रमांक देऊन तो चालू करून मागावा. तिला असा संच विकल्याचे आठवत नसेल, तर आधी त्याच्या मालकीची शहानिशा करावी. संचातील माहिती संगणकावरून वाचण्या-लिहिण्याच्या पासवर्डबाबतही हेच लागू आहे: तो जुन्या मालकाकडून किंवा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातूनच काढून घ्यावा, कारण आत त्या संस्थेची चॅनले आणि संकेतबद्ध संभाषणाच्या किल्ल्याही असू शकतात.

प्रश्न : माझ्या गाडीतील संचावर पीएलएल अनलॉक झाल्याची सूचना येते आणि प्रसारण होत नाही. कोणते बटण दाबावे?

उत्तर : ही तक्रार बटणाने जाणारी नाही. संचातील दोलक (वारंवारता निर्माण करणारा भाग) पीएलएल या मंडलाने क्रिस्टलच्या स्थिर वारंवारतेशी जखडून ठेवलेला असतो; ती पकड सुटली की प्रोसेसर प्रसारण रोखतो, जेणेकरून आपला संकेत भलत्याच वारंवारतेवर जाऊ नये. विद्युतपुरवठा कमी पडत आहे का, एवढे तपासावे आणि तो ठीक असल्यास संच दुरुस्तीला द्यावा. सूचना कधी येते, संच चालू करताच की तापल्यावर, हे दुरुस्त करणाऱ्याला अवश्य सांगावे.