शाळेतल्या मुलींमधून बास्केटबॉलची खेळाडू कशी ओळखायची? उंची बघायची का खेळ?

सर, तुम्ही लिहिलंय की झेडपीच्या हायस्कूलला नवीनच पीटीचे शिक्षक म्हणून आलात, आठवी ते दहावीच्या चाळीसेक मुलींनी बास्केटबॉलला नाव दिलंय, त्यातून 12 निवडायच्यात, हेडमास्तर म्हणायलेत उंच उंच पोरी घ्या म्हणजे झालं आणि तुम्हाला ते पटंना. मी स्वतः शाळेत असताना विभागीय स्पर्धेपर्यंत खेळलेय आणि आता परभणी जिल्ह्यात एका शाळेत 16 वर्षं झाली पोरींना शिकवतेय, तर जे डोळ्यानं बघितलंय तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी, एका दिवसात 12 नावं काढू नका. तीन आठवडे घ्या. पहिल्या दिवशी कुणाला किती येतंय ते फक्त वहीत लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी परत बघा कोण किती हललंय. माझा सगळा हिशोब या फरकावर असतो. ज्या पोरीला पहिल्या दिवशी दहापैकी सहा येत होतं आणि शेवटी पण सहाच, तिच्यापेक्षा दोनवरून पाचवर आलेली मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण सहावाली बहुतेक वेळा मोठ्या भावाबरोबर अंगणात खेळलेली असते आणि पाचवालीनं बॉल आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेला असतो.

आता उंची. उंची लागतेच, रिंग 3.05 मीटरवर आहे, ती कुणासाठी खाली येत नाही. पण आठवीतली उंची बघून बारावीतली धरायची नसते, आणि मुलींच्या बाबतीत तर अजिबातच नाही. पोरींची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण 12 व्या वर्षाच्या आसपास, पाळी सुरू व्हायच्या आधी, आणि एकदा पाळी आली की बहुतेकींची फार तर 5-7 सेंटीमीटर वाढ राहिलेली असते. म्हणजे जिला सहावीतच पाळी आली ती आठवीत 5 फूट 3 इंच असली तर सगळ्यांत उंच दिसते पण पुढं तेवढीच राहायची शक्यता जास्त, आणि तिच्या मागं 5 फुटाची एक उभी असते जिची अजून आलेलीच नाही, ती दहावीपर्यंत हिला गाठते. हे विचारायचं काम शाळेतल्या एखाद्या मॅडमकडं द्या, तुम्ही स्वतः विचारू नका, आणि चार लोकांना दिसंल अशा वहीत तर बिलकूल लिहू नका.

दुसरा एक साधा हिशोब आहे, आईची आणि वडिलांची उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, बेरीज करा, त्यातून 13 वजा करा आणि दोननं भागा. वडील 170, आई 155, तर 156 येतं. यात 8-9 सेंटीमीटर इकडं तिकडं होऊ शकतं, त्यामुळं त्यावर कुणाला काढू नका, पण अंदाज येतो. पालक मीटिंगला आई आली की दाराच्या चौकटीजवळ उभं करून मी पटकन बघून घेते.

आणि उंचीच्या नादात आपण पोरीचं जे नुकसान करतो ते फार वाईट आहे सर. आठवीतली उंच पोरगी दिसली की तिला रिंगखाली उभं करायचं, हात वर कर, रिबाउंड म्हणजे रिंगवरून उडालेला बॉल घे, दुसरीकडं दे, बस. तीन वर्षं ती ड्रिबल करत नाही, म्हणजे टप्पे देत बॉल नेत नाही, लांबून शॉट मारत नाही. मग अकरावीत बाकीच्या तिच्याएवढ्या होतात आणि हिच्याकडं ना उंचीचा फायदा राहतो ना हातात काही. म्हणून माझ्याकडं सगळ्यात उंच पोरीनं पण पूर्ण कोर्ट, 28 मीटर, दोन्ही हातांनी ड्रिबल करत जायचंच, कितीही वेळा बॉल सुटू द्या.

वयाचं पण बघा. आपल्याकडच्या शाळांच्या रजिस्टरमध्ये 1 जून जन्मतारीख असलेल्या किती पोरी सापडतील ते मोजून बघा एकदा. नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख असते ती. स्पर्धेला 14, 17, 19 चा वयोगट कागदावरच बघतात, तिथं कागदच चालणार, पण तुमच्या मनातल्या हिशोबात खरं वय पाहिजे. एकाच वर्गातल्या दोघींत दीड वर्षाचा फरक असू शकतो आणि त्या वयात दीड वर्ष म्हणजे ताकदीत खूप फरक पडतो. आईला विचारलं की ती बरोबर सांगते, थोरलीच्या पाठीवर किती वर्षांनी, पेरणीच्या टायमाला का सुगीच्या.

बॉल कोणता वापरायलात तुम्ही? हे विचारायचं कारण, बऱ्याच शाळांत मुलांचाच 7 नंबरचा बॉल मुलींना देतात. मुलींचा बॉल 6 नंबरचा असतो, घेर साधारण 72-73 सेंटीमीटर, 7 नंबरचा 75 च्या वर जातो आणि जड पण असतो. 7 नंबर देऊन पोरीला फ्री थ्रो मारायला लावला की ती दोन्ही हातांनी छातीपासून ढकलते, आणि आपण लिहितो शूटिंग कच्चं. तिची परीक्षा घ्यायच्या आधी बॉल तिचा पाहिजे. तसंच बुटाचं, निम्म्या पोरी चपलीवर नाहीतर शाळेच्या काळ्या बुटावर येतात, मग सगळ्यांनाच अनवाणी नाहीतर सगळ्यांनाच बुटावर पळवा, नाहीतर पळायची टेस्ट खेळाडूची होत नाही, बुटाची होते.

मॅचमध्ये काय बघायचं, हे तुम्ही खास विचारलंय. पॉइंट बघू नका. शाळेच्या लेव्हलला एक पोरगी बॉल घेऊन इकडून तिकडं पळते आणि 20 पॉइंट करते कारण समोर अडवणारं कुणी नसतं, विभागाला गेलं की तिला दोघी अडवतात आणि ती गप्प होते. मी बघते बॉल हातात नसताना ती काय करते. उभी राहते का जागा बदलते? बॉल दुसऱ्या टीमकडं गेला की पहिलं पाऊल मागं टाकते का हात हलवत राहते? पास आला की बॉलकडं दोन्ही हात पुढं जातात का अंगावर येईपर्यंत थांबते? ड्रिबल करताना नजर कुठं असते? एक नवीन पोरगी होती, तिचा स्वतःचा लेअप, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट, दहातले आठ वेळा चुकायचा पण दुसरीनं शॉट मारला की बॉल रिंगला लागून कोणत्या बाजूला उडंल ते तिला आधी कळायचं आणि ती तिथं जाऊन उभी असायची, कुणी शिकवलं नव्हतं. अशी पोरगी दिसली की सोडू नका, लेअप सहा महिन्यांत येतो. मी एका न खेळणाऱ्या पोरीला बाजूला वही देऊन बसवते, तिनं फक्त मोजायचं की कुणाचा हात किती वेळा दुसऱ्या टीमच्या बॉलला लागला आणि कोण किती वेळा पूर्ण पळत मागं आली. त्या वहीतली नावं आणि पॉइंटवाली नावं बऱ्याचदा वेगळी निघतात.

शिकायची तयारी बघायला एक करा. सगळ्यांना डाव्या हाताचा लेअप वीस मिनिटं शिकवा, आणि मग आठवडाभर त्याचं नावच काढू नका. आठव्या दिवशी अचानक म्हणा, चला डाव्या हातानं. ज्यांनी मधल्या सुट्टीत, घरी भिंतीवर काहीतरी केलंय त्या लगेच दिसतात.

आणि खो-खोच्या मैदानावर जा. हे मी मनापासून सांगते. आपल्या मराठवाड्यात खो-खो खेळलेल्या पोरी आहेत, धाराशिवच्या सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठीच. खो-खोवाली पोरगी खाली वाकून पळते, एका पावलात दिशा बदलते, समोरच्याच्या खांद्यावरून ती कुठं वळणार ते ओळखते, आणि बास्केटबॉलचा डिफेन्स म्हणजे दुसरं काय असतं. कबड्डीवाली अंगाला अंग लागलं तर घाबरत नाही. पाय असे तयार व्हायला लहानपण जातं, बॉल हाताळणं त्यामानानं लवकर शिकवता येतं. फक्त तिथल्या सरांशी आधी बोला, पळवून आणू नका पोरी.

माझी एक चूक सांगते. सातवीतली एक पोरगी होती, बारीक, सावळी, रोज प्रॅक्टिसला कोर्टच्या कडेला उभी राहून बाहेर गेलेले बॉल आणून द्यायची आणि देताना असा पास टाकायची की बरोबर हातात. घरचे ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर गायब ती थेट गुढीपाडव्याच्या आसपास यायची. मी तिच्यापुढं लिहिलं, हजेरी नाही. 12 मध्ये घेतलं नाही. पुढच्या वर्षी ती आजीकडं राहिली, दुसऱ्या शाळेत गेली, तिथल्या सरांनी खो-खोत घेतलं आणि तिसऱ्या वर्षी ती विभागाला खेळली. मी मॅच बघायला गेले होते. ती बास्केटबॉलची गार्ड होती सर, म्हणजे बॉल पुढं नेऊन पास देणारी, पूर्ण गार्ड, मला तेव्हाच दिसत होतं आणि मी हजेरीचा रकाना बघितला.

दम लागणाऱ्या पोरीला आळशी म्हणायच्या आधी तिचं हिमोग्लोबिन बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालंय, म्हणजे तुमच्या चाळीसमध्ये वीसेक तरी असू शकतात. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे कमीच. माझ्याकडं एक पोरगी दोन फेऱ्या मारल्या की खाली बसायची, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलं तर 8.6 निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जेवणावर चहा बंद करायला लावला, लिंबू सुरू केलं, आणि तीन महिन्यांनी तीच पोरगी शेवटच्या क्वार्टरला पण मागं पळत यायली. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती किती जणी खरंच गिळतात आणि किती जणी दप्तरात टाकतात ते पण बघा.

गुडघ्याचं थोडक्यात सांगते. बाकावरून उडी मारायला लावा आणि समोरून बघा. खाली आल्यावर गुडघे आत एकमेकांकडं वळत असतील तर त्या पोरीला काढायचं नाही पण रोज दहा मिनिटं वाकून, मऊ उतरायचं शिकवायचं. असं उडी मारायच्या, झटकन वळायच्या खेळात मुलांपेक्षा मुलींच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटायचं प्रमाण कितीतरी जास्त असतं, आणि आपल्याकडं एकदा गुडघा गेला की घरचे खेळच बंद करतात.

अजून एक, टेस्ट कुठं आणि कुणासमोर घेताय? कंपाउंडवर दहावीची पोरं बसलेली असतील तर निम्म्या पोरी पूर्ण ताकदीनं उडी मारणारच नाहीत. ओढणी सांभाळत पळणारी पोरगी स्लो वाटते. मी ट्रॅकपँट आणि सैल टी-शर्ट सांगते, शाळेत चारपाच जास्तीचे ठेवलेत, आणि पहिले आठ दिवस पोरांना मैदानावर येऊ देत नाही. शॉट चुकला की सॉरी मॅडम सॉरी मॅडम करणाऱ्या पोरी असतात, त्यांच्यात बघा, चुकल्यावर परत शॉट मारते का पास देऊन लपते. लपणारीला वेळ द्या, तिला कुणीतरी आधी ओरडलेलं असतं.

शेवटी घर. पोटेन्शियल असून काय करता, मानव विकास योजनेची मुलींची बस साडेपाचला निघते आणि तुमची प्रॅक्टिस पाचला सुरू होते. मी सकाळी शाळेआधी घेते. जिच्यात काहीतरी दिसतंय तिच्या घरी एकदा जाऊन या, मॅडमना बरोबर न्या. वडिलांना सांगा की खेळाचे दहावी-बारावीला वाढीव मार्क असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी अमुक लेव्हलपर्यंत खेळावं लागतं हे पण खरं खरं सांगा, उगं आशा दाखवू नका. नववी-दहावीत लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असतं कधी कधी, तिथं एका सर्टिफिकेटमुळं आई म्हणते, शिकू द्या की तिला अजून. हे मी दोन घरांत बघितलंय.

यादी लावाल तेव्हा 12 नावांच्या खाली अजून 8 नावं लावा आणि त्यांना पण रोज त्याच वेळेला बोलवा. वीस जणी असल्या की पाच-पाचच्या चार टीम होतात, दोन खेळतात दोन बघतात, आणि दोन महिन्यांत वरची नावं खाली आणि खालची वर होतात, होऊ द्या. दिवाळीनंतर ज्या उसाला जाणार आहेत त्यांना जाताना एक जुना बॉल द्या. रजिस्टरला सही घेऊ नका, परत आला तर आला.