‘अजिबात ऐकत नाही हो!’

“मॅडम, हा अजिबात ऐकत नाही हो. आणि बोलत तर काहीच नाही.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आई बोलून गेली. तिचं वाक्य संपेपर्यंत सव्वादोन वर्षांचा मल्हार (नाव बदललं आहे) टेबलाखाली शिरून माझ्या पर्सची चेन उघडत होता. सोबत आजी होत्या.

रव्याचा डबा पालथा करणं, बादलीत चपला बुडवणं, गॅसच्या बटणाशी खेळणं. ‘नको’ म्हटलं की तेच पुन्हा. शब्द मोजून सहा: आई, बाबा, मम्, काऊ, भुर्र, नाई. शेजारणीने आईला सुनावलं होतं, “नोकरी करतेस, मग त्याच्याशी बोलणार कोण?” हे सांगताना तिचे डोळे भरून आले. आजींना काळजी नव्हती. “याचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला, आता थांबवावं लागतं. मी वेखंड चाटवतेय, सुटेल जीभ.”

मी थोडा वेळ मल्हारकडे नुसती पाहत राहिले. खिडकीवर कावळा बसला. त्याने बोट दाखवलं, “काऊ!” म्हणाला आणि लगेच वळून आईने पाहिलं का ते बघितलं. मला हायसं वाटलं. आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला दाखवावंसं वाटणं ही बोलण्याचीच पहिली पायरी. दीड वर्ष उलटूनही मूल बोट दाखवत नसेल, नजर देत नसेल, हाकेला वळत नसेल, तर बालविकासतज्ज्ञांकडे लगेच जायला हवं.

हाकेचं मात्र इथेही अडत होतं. तो पाठमोरा असताना मी साध्या आवाजात नाव घेतलं. वळला नाही. आवाज चढवल्यावर वळला. नाक वाहत होतं आणि श्वास तोंडाने चालला होता. रात्री घोरतो का, विचारलं. “हो, मोठ्या माणसासारखा.” सर्दी महिन्या-दोन महिन्यांनी असतेच.

“कान तपासलेत?”

आजी पटकन म्हणाल्या, “कान तिखट आहेत हो त्याचे! माडीवर असला तरी चॉकलेटचा कागद वाजला की हजर.”

मी आजींना दोन्ही कानांत बोटं घालायला सांगितली आणि हळू आवाजात म्हटलं, “ताटात भात वाढा.” “काय?” त्या म्हणाल्या. पुन्हा तेच म्हटलं, पुन्हा “काय?” बोटं काढून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातवाकडे बघत म्हणाल्या, “असं ऐकू येत असेल याला?”

वारंवारच्या सर्दीने कधी कधी कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. मूल बहिरं नसतं, पण शब्द दबून, अर्धवट पोचतात. कधी ऐकू येतं, कधी नाही, आणि घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो. एखाद्या आवाजाला मूल धावत आलं म्हणजे त्याला बोलणं नीट ऐकू येतंच असं धरू नका. बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी करा, असं मी कळकळीने सांगते. मूल न बोलताही ती करता येते. खाजगीत परवडत नसेल तर अंगणवाडीत विचारा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे मुलं तपासतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं.

‘बापही उशिरा बोलला’ हे खरंही असेल. काही मुलं उशिरा बोलून सगळ्यांना गाठतातच. पण दोन वर्षांचं मूल साधारण ५० शब्द बोलतं, ‘आई ये’ असे दोन शब्द जोडू लागतं. मल्हार सहावर होता. आपलं मूल कोणत्या गटातलं हे घरबसल्या कळत नाही, आणि या वयातले महिने फार मोलाचे असतात. वेखंड त्या दिवसापासून बंद करायला सांगितलं. त्याने बोलणं येत नाही, आणि डॉक्टरांना न विचारता ते लहान मुलाच्या पोटात जाऊ नये.

तपासणीत दोन्ही कानांत पाणी निघालं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तीन महिने लक्ष ठेवून पुन्हा तपासायचं ठरवलं. बऱ्याच मुलांचं हे पाणी आपोआप ओसरतं. वाचा-उपचार मात्र लगेच सुरू झाले.

घरीही बदल केले. त्याच्याशी बोलायचं ते जवळ जाऊन, उकिडवं बसून, तोंड त्याला दिसेल असं. स्वयंपाकघरातून ओरडून नाही. जेवताना मोबाइल बंद. आजींना सगळ्यात जड गेलं ते थांबणं. मल्हारने माठाकडे पाहिलं की त्यांचा पेला भरलेला असायचा. त्याला मागायची वेळच यायची नाही. आता दोन हातांत दोन वस्तू धरायच्या, “केळं की बिस्कीट?” विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. नुसतं बोट दाखवलं तरी द्यायचं, पण नाव घेऊन. तो “काऊ” म्हणाला की आपण “काऊ उडाला” म्हणायचं. “म्हण, म्हण ना” असा लकडा लावायचा नाही; त्याने मुलं मिटून जातात.

खोड्या थांबवायला मी सांगितलं नाही. खालचा एक कप्पा त्याला दिला: वाट्या, चमचे, झाकणं. आई पोळ्या करताना तो झाकणं लावायचा आणि ती बोलत राहायची, “मोठं झाकण. बसलं! पडलं.” नोकरीवरून आल्यावरची ही वीस मिनिटं. एवढी रोज मिळाली तरी पुष्कळ, हे तिला मी पुन्हा पुन्हा सांगितलं. शेजारणीचं बोलणं तिच्या मनातून जायला वेळ लागला.

चौथ्या महिन्यात तिघं पुन्हा आली. एका कानातलं पाणी गेलं होतं, दुसऱ्यावर अजून लक्ष ठेवायचं होतं. मल्हारने आल्या आल्या माझ्या टेबलावरचा पेला ओढला आणि पाणी जमिनीवर सांडलं. आई ओरडायच्या बेतात होती. तो थबकला, खाली पाहिलं, मग आजींकडे.

“आजी, पानी सांडी.”

आजींनी पदराने आधी डोळे पुसले, मग फरशी.