बायकोला किडनी द्यायची आहे, पण घरचे, त्यातही काका, म्हणतात "तू कमावता आहेस". एका किडनीवर नोकरी होते का?

होते. मी करतोय. ऐरोलीत राहतो, महापेला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, शिफ्ट ड्युटी. माझी डावी किडनी बायकोच्या पोटात उजवीकडे खाली बसवली आहे. तिच्या जुन्या दोन्ही जागच्या जागी आहेत, त्या सहसा काढत नाहीत.

पण तुमचं दुखणं नोकरीचं नाही, "कमावता" या शब्दाचं आहे. तो मी थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलाय, म्हणूनच लिहायला बसलो.

हिचं डायलिसिस वाशीला, मंगळ-गुरु-शनि, चार-चार तास. हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) होता, बोट ठेवलं की आत मोटर चालू असल्यासारखी थरथर लागायची. सासूबाईंना शुगर, मेव्हण्याला बीपी, दोघंही पहिल्याच तपासणीत बाद. माझा ग्रुप ओ, म्हणजे कुठल्याही ग्रुपला चालणारा. दादा साताऱ्याहून मुद्दाम आला. "तिच्या माहेरच्यांनी बघावं. उद्या तू आडवा झालास तर पोरांचं काय?" आई गप्प.

आता ऐका. आमच्याच चुलतभावाला त्याच्या बायकोने किडनी दिली, तेव्हा याच दादाने सत्यनारायणाच्या पंगतीत उठून सांगितलं होतं, सावित्री म्हणावी तर अशी. ती वहिनी कळव्याला शाळेत शिकवते. तिचा पगार कमाईत धरत नसावेत. सावित्रीने केलं की दरवर्षी वडाला दोरे, सत्यवानाने करतो म्हटलं की तो बायकोच्या ताटाखालचं मांजर! आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. ते काही त्यांच्या किडन्या चांगल्या असतात म्हणून नाही.

असो. तपासण्या भरपूर असतात. क्रॉसमॅच (तिचं रक्त माझ्या पेशींवर उलटतं का ते बघतात), डीटीपीए स्कॅन (कुठली किडनी किती काम करते ते कळतं), सीटी अँजिओ (किडनीच्या रक्तवाहिन्या दिसतात). चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची असते. तो पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन रिक्षाने निघालो, तर रिक्षावाला म्हणाला, "काका, गोमूत्र का? थोडं आम्हालाही द्या." हो म्हणणार होतो. नवरा-बायकोसाठी फॉर्म 2 भरतात, लग्नाचा दाखला, लग्नाचे फोटो, आणि मुलाखतीचं व्हिडिओ शूटिंग. 1994 च्या कायद्यात नवरा-बायको "जवळचे नातेवाईक" आहेत. थोरल्या भावाची सही त्यात कुठेही लागत नाही. माझ्या दादाला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पोटात गॅस भरतात, त्यामुळे नंतर खांदा दुखतो. पोटापेक्षा खांद्यानेच मला जास्त छळलं, आणि हे आधी कोणी सांगत नाही. चार-पाच दिवसांत घरी सोडतात. बसून करायचं काम महिन्याभरात सुरू होतं, वजन उचलायला दीड-दोन महिने थांबा. मला सुपरवायझरने तोवर स्टोअरला बसवलं. उरलेली किडनी हळूहळू मोठी होते आणि दोघींचं मिळून जेवढं काम होतं त्याच्या साधारण 70 टक्के एकटी करते. माझं क्रिएटिनिन (किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा आकडा) आता पूर्वीपेक्षा थोडं वर असतं, डॉक्टरला त्याची काळजी नाही. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन बघायचं. अंगदुखीला मनाने ब्रुफेन-डायक्लोफेनॅक घ्यायची नाही, बस.

ग्रुप जुळत नसेल तर 2011 च्या दुरुस्तीपासून स्वॅपही करता येतो. तुमच्यासारखंच दुसरं जोडपं, त्यांच्यातल्या दात्याची किडनी तुमच्या घरी, तुमची त्यांच्या घरी. झेडटीसीसीत (अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणारी विभागीय समिती) किंवा हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरकडे विचारा.

हे सगळं वाचून मी गोड-गोड सांगतोय असं वाटेल, म्हणून सांगतो. दात्याची स्वतःची किडनी पुढे निकामी होण्याचा धोका 1 टक्क्याच्या आतच आहे, पण न देणाऱ्या तितक्याच निरोगी माणसापेक्षा जास्त आहे. शुगर असेल तर सहसा घेतच नाहीत. बायकोला नवी किडनी मिळाली तरी शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर, आणि ती किडनीही कायमची नसते, पंधरा-वीस वर्षं चालली तर चांगली चालली म्हणायचं. आणि मुळात तुमचंच मन नसेल तर देऊ नका. ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत नाही म्हणता येतं, कोऑर्डिनेटरला एकट्याने भेटून सांगा, डॉक्टर घरच्यांना तब्येतीचं काहीतरी कारण सांगून सांभाळून घेतात. पण मग ते तुमचं "नाही" असू दे, काकांचं नको.

काका फारच मागे लागले तर विचारा, उद्या तुमच्या किडन्या गेल्या तर काकूंची तपासणी करायची की नाही? मी दादाला हे गेल्या गणपतीत सगळ्यांसमोर विचारलं. त्याला एकदम आरतीला कापूर कमी असल्याचं आठवलं.