मेथीच्या दोन जुड्या

पत्र : माझे वय ४९ असून आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचे विसरणे सुरू झाले आणि गेल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी अल्झायमरचे निदान केले. आंघोळ, जेवण, औषधे, रात्रीचे उठणे सगळे माझ्याकडे आहे. नणंद साताऱ्याला असतात. त्या रोज दहा मिनिटे फोन करतात आणि ‘माझ्याशी तर आई अगदी व्यवस्थित बोलते, तूच बाऊ करतेस’ असे ऐकवतात. यांचा स्वभाव चांगला आहे, पैशाला कधी कमी पडू देत नाहीत. मात्र मुलीसाठी स्थळे पाहणे चालू असल्यामुळे बाहेर कुठे बोलायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे. त्यामुळे मी भिशीही सोडली. मागच्या महिन्यात सासूबाई शाळेची वेळ झाली म्हणून सकाळीच घराबाहेर पडल्या. आमच्या नेहमीच्या भाजीवालीने त्यांना परत आणून सोडले. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या, त्यांचे पैसेही तिने घेतले नाहीत. ‘पाय मोकळे करायला गेल्या होत्या’ असे सांगून मी वेळ मारून नेली. नणंदेला तिच्या जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी, ते सांगा.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न नणंदेबद्दल विचारला आहे आणि भाजीवालीचा उल्लेख जाता जाता केला आहे. मला मात्र त्या भाजीवालीपाशीच थांबावेसे वाटते, कारण तुमच्या पत्रात आलेल्या सगळ्या माणसांत सासूबाईंना बाहेरून घरी आणून सोडल्याचे तुम्ही फक्त तिच्याविषयी लिहिले आहे.

सकाळची वेळ तिच्या विक्रीची असते. त्या वेळी पाटी उघडी टाकून, शहात्तर वर्षांच्या बाईंच्या चालीने चालत, ती तुमच्या फाटकापर्यंत आली. घर तिला ठाऊक होते, बाई ठाऊक होत्या, आणि काहीतरी बिनसले आहे हे तिने नक्कीच ओळखले होते. एरवी फिरायला निघालेल्या माणसाला कोणी हाताला धरून घरी पोहोचवत नाही. एवढे करून तिने तुम्हाला काही विचारले नाही. तुम्ही मात्र तिला सांगितलेत की त्या पाय मोकळे करायला गेल्या होत्या. या उत्तराचा परिणाम काय होणार, याचा विचार करा. पुढच्या वेळी बाई रस्त्याला लागलेल्या दिसल्या की ती म्हणेल, ‘चालल्या असतील फिरायला’, आणि वांगी तोलायला लागेल. सांगली-मिरज रस्त्यावर त्यांना अडवणारे एकच माणूस होते. त्यालाही तुम्ही स्वतःच्या तोंडाने बाजूला केलेत.

हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण असे पुन्हा घडणार नाही अशी तुमची समजूत दिसते. स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) झालेल्या दहा माणसांपैकी सहा जण कधी ना कधी असे निघून जातात, असे अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशन सांगते. बाईंना शाळा आठवते, घंटेची वेळ आठवते, मुले ताटकळली असतील असे वाटते, आणि मग पाय आपोआप निघतात. कुलूप लावून हे कायमचे थांबत नाही; शिवाय माणसाला एकटे कोंडून ठेवणे आगीच्या किंवा पडण्याच्या प्रसंगी जिवावर बेतते.

आता स्थळांविषयी. आजीचा आजार कळला तर मुलीचे जमणार नाही, ही भीती ज्या समजुतीवर उभी आहे तीच चुकीची आहे. उतारवयात सुरू होणारा अल्झायमर आजीकडून नातीकडे सरळ उतरत नाही. एकाच जनुकातील दोषामुळे तो पिढ्यान् पिढ्या येतो अशी घराणी आहेत. पण तेथे तो बहुधा साठीच्या आतच, पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीत दिसू लागतो, आणि असे रुग्ण शंभरात एकही भरत नाहीत. तुमच्या सासूबाईंचे विसरणे त्र्याहत्तराव्या वर्षी सुरू झाले. घरात रुग्ण असेल तर धोका थोडा वाढतो, हे खरे आहे. परंतु लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली, त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, अपुरे शिक्षण, धूम्रपान आणि एकटेपणा यांचा समावेश आहे, आणि या सगळ्यांकडे नीट लक्ष दिले तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबणीवर पडू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. मुलीची काळजी वाटत असेल तर घरातील सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि या साऱ्यात मुलीचे स्वतःचे मत काय आहे? पत्रात ते कुठेच नाही. आजीचे नाव काढायचे नाही या अटीवर तिला लग्न करायचे आहे का, हे तिला कोणी विचारलेले दिसत नाही.

तुमच्या यजमानांना चांगुलपणाचे प्रशस्तिपत्र देण्याची घाई करू नका. ते पैसे देतात, हे त्यांचे कर्तव्यच आहे. पण बाहेर बोलायचे नाही हे ठरवले त्यांनी, आणि त्या गप्प राहण्याचे सगळे ओझे आहे तुमच्यावर. भिशी तुमची सुटली, खोटे तुम्हाला बोलावे लागले, रात्री उठता तुम्ही. हे केवळ तुमच्याच घरातले नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची जी देखभाल घरची माणसे करतात, तिच्यातील ७० टक्के तास स्त्रियांचे असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि भारतात साठीपुढील जे सुमारे ८८ लाख लोक या विकाराने ग्रस्त आहेत, त्यांच्यातही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणजे आजारी पडते तीही बाई आणि उशाशी जागते तीही बाई, आणि दोघींनी मिळून ही गोष्ट लपवायची, असा हा व्यवहार आहे. मला त्याची फार चीड येते.

खरे कारण लोकांपुढे आले नाही तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. हॉलिवूडची अभिनेत्री रिटा हेवर्थ हिला संवाद आठवेनासे झाले, ती भलत्या वेळी भडकू लागली, तेव्हा लोकांनी आणि वृत्तपत्रांनी ती दारूच्या आहारी गेली असे ठरवून टाकले. कितीतरी वर्षे तिची बदनामी होत राहिली. १९८१ मध्ये तिला अल्झायमर असल्याचे जगापुढे आले. तोपर्यंत बहुतेकांनी या आजाराचे नावही ऐकलेले नव्हते. तिची मुलगी यास्मिन आगा खान हिने आईला सांभाळता सांभाळता या आजाराविषयी उघडपणे बोलायला सुरुवात केली, संशोधनासाठी निधी उभा केला आणि पुढे रुग्णांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षपदही सांभाळले. तुम्ही संघटना काढावी असे माझे म्हणणे नाही. पण लोकांना खरे कारण कळले नाही, तर ते मनाने एखादे कारण जोडतात, आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असते. तुमच्या गल्लीत ते एव्हाना जोडलेही गेले असेल. सून नीट बघत नाही म्हणून म्हातारी घराबाहेर पडते, यापलीकडे लोकांची कल्पना सहसा जात नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे : उद्या सकाळी सासूबाईंना बरोबर घेऊन त्या भाजीवालीकडे जा आणि तिला खरे सांगा. यजमानांची परवानगी काढत बसू नका; संध्याकाळी ते घरी आले की सांगून आले एवढे कळवा. तिच्याशी फार बोलावे लागणार नाही. ‘त्या दिवशी या फिरायला गेल्या नव्हत्या, वाट चुकल्या होत्या. यांना विसरण्याचा आजार झाला आहे. पुन्हा दिसल्या तर बसवून ठेवा आणि मला फोन करा.’ तुमचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये तिथेच साठवून द्या. मेथीचे पैसे पुढे करू नका. बाई शाळेला निघाल्या असतील तर ‘शाळा कुठली आता’ असा वाद घालायचा नाही, ‘चला बाई, मी सोडते’ म्हणत घराकडे वळवायचे, हेही तिला सांगा. पण त्या दिवशी तिने असेच काहीतरी केले असावे, असे मला वाटते.

एकदा तिला सांगून झाले की कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान, रिक्षा थांबा आणि शेजारच्या वहिनी यांना सांगणे तुम्हाला जड जाणार नाही. सासूबाईंच्या गळ्यातल्या साखळीत किंवा बांगडीत तुमचा नंबर कोरलेला बिल्ला अडकवा आणि त्यांचा अलीकडचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. त्या कधी सापडल्याच नाहीत तर पोलिसांकडे जायला चोवीस तास थांबावे लागते, हा निव्वळ गैरसमज आहे. ताबडतोब जायचे असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा शासकीय मदत क्रमांक आहे, तोही लिहून ठेवा. भिशी पुन्हा सुरू करा आणि पहिली बैठक तुमच्याच घरी घ्या. सासूबाई त्याच खोलीत बसतील, एकच प्रश्न दहा वेळा विचारतील, आणि त्या बायका दहा वेळा उत्तर देतील. त्यांच्यापैकी दोघींच्या घरी असेच कोणीतरी असल्याचे त्या दिवशी कळले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

राहिला नणंदेचा प्रश्न. त्या खोटे बोलत नाहीत. या आजारात ‘कशी आहेस, जेवलीस का, मुले काय म्हणतात’ एवढे ठरलेले बोलणे बराच काळ टिकून राहते, आणि दहा मिनिटांच्या फोनवर तेवढेच लागते. त्यांना फोनवर समजावण्यात आणखी शक्ती घालवू नका. दिवस ठरवून त्यांना आठवडाभर राहायला बोलवा, औषधांच्या वेळा आणि रात्रीच्या दिव्याचे बटण दाखवा, आणि त्या आल्या त्याच दिवशी तुम्ही माहेरी जायला निघा.