अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि भरलेले घर

प्रश्न : आमचे कॅथलिक कुटुंब श्रीरामपूर तालुक्यातील एका गावात राहते. आम्ही तिघी जावा, आमची मुले, सुना आणि नातवंडे मिळून एकाच वाड्यात पंधरा माणसे आहोत, आणि सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी सर्वांनी जमायचे ही आमच्या घराची रीत आहे. माझ्या धाकट्या सुनेचा रक्तदाब फार वाढल्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस, तिसाव्या आठवड्यात, पुण्यातील रुग्णालयात तिचे सिझेरियन करावे लागले. मुलगी झाली, वजन १,२४० ग्रॅम. दुसऱ्या रात्री बाळाचा श्वास थांबू लागला, तेव्हा तेथील एका ख्रिस्ती परिचारिकेने माझ्या मुलाच्या संमतीने बाळाला बाप्तिस्मा दिला. देवाच्या कृपेने आता वजन १,७२० ग्रॅम आहे आणि आठवड्याभरात घरी सोडतील असे डॉक्टर म्हणतात. पण सुनेने मुलाजवळ निरोप दिला आहे की, तीन महिने बाळाला कोणी हात लावायचा नाही आणि नाताळात बाळ कोणाला दाखवायचे नाही. वाडीतील जपमाळ मंडळाने बाळासाठी रोज प्रार्थना केली आहे; त्यांना मी काय सांगू? मला हेही लिहिले पाहिजे की, पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून निघून गेले, ‘हरेगावच्या यात्रेला एवढी चालत गेलीस, म्हणून ही वेळ आली.’ तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बाप्तिस्मा पुन्हा करावा लागेल का? आमच्या घरात चार पिढ्यांचा बाप्तिस्म्याचा झगा आहे, तो बाळाला घालता येईल का? आणि सुरुवातीला बाळाला दुसऱ्या बायकांचे दूध पाजले, त्याने काही बाधा होणार नाही ना? — एक आजी

उत्तर : ताई, तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, पण ज्या वाक्यावर इतर सारे अडून राहिले आहे ते तुम्ही स्वतःच लिहिले आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करते. तुमच्या सुनेची प्रसूती यात्रेमुळे लवकर झाली नाही. गर्भारपणात अशा तऱ्हेने रक्तदाब वाढतो, त्याचे मूळ बहुधा वारेच्या घडणीत असते आणि ती घडण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांतच होत असते. सातव्या महिन्यात हरेगावच्या मातमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, दर्शनाला ती चालत गेली, त्याच्या कितीतरी आधी हे ठरून गेलेले होते. रक्तदाब धोक्याच्या पातळीला पोहोचला की आईचा आणि बाळाचा जीव वाचवण्यासाठी प्रसूती करणे हाच उपाय उरतो, आणि डॉक्टरांनी तेच केले. पाणमोट लवकर फुटणे, जंतुसंसर्ग होणे, जुळी असणे अशी अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची इतरही कारणे असतात, आणि अनेकदा तर कोणतेच कारण सापडत नाही. मी तीस वर्षे नवजात शिशू विभागात काम केले. त्या विभागाच्या दाराबाहेर बसलेली प्रत्येक आई ‘माझे काय चुकले?’ हा प्रश्न मनात घेऊनच बसलेली असते. तुमच्या सुनेला त्या प्रश्नाचे उत्तर घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून मिळाले, आणि ते चुकीचे होते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्ना तुम्हाला चांगली माहीत असेल. ती शिलोच्या मंदिरात मूकपणे ओठ हलवत प्रार्थना करत होती आणि एली याजकाने तिला मद्य प्यायलेली समजून दटावले. तिने आपले दुःख सांगताच त्या वृद्ध माणसाने आपले म्हणणे सोडून दिले आणि तिला आशीर्वाद दिला. बाळ घरी येण्याची वाट न पाहता पुण्याला जा, मुलाला बाहेर थांबवा आणि सुनेला सरळ सांगा की, मी बोलले ते खोटे होते, डॉक्टरांनी त्याचे कारण वेगळे सांगितले आहे, मला क्षमा कर. ‘काळजीपोटी बोलले’ अशी पुस्ती मात्र जोडू नका, कारण त्या पुस्तीने क्षमा मागण्याचे काम पुन्हा तिच्याच समजूतदारपणावर जाऊन पडते. घरातील ज्यांनी ज्यांनी ते वाक्य ऐकले त्यांनाही तुम्हीच ते चुकीचे होते असे सांगावे, म्हणजे उद्या एखादी जाऊ तेच पुन्हा बोलणार नाही.

आता तिच्या तीन महिन्यांच्या अटीविषयी. ती तुम्हाला अपमानास्पद वाटली असेल, पण तिच्यामागे जे तिने डोळ्यांनी पाहिले आहे ते तुम्ही पाहिलेले नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला आईच्या रक्तातून मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्ये बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात, आणि त्वचेखालची चरबीही त्याच काळात साठते. तुमच्या नातीचे हे दोन्ही अर्धवट राहिले आहे. ज्या सर्दीने तुमच्या वाड्यातील पाच वर्षांचे मूल दोन दिवस शिंकते, त्याच सर्दीच्या विषाणूने इतक्या लहान बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजून त्याला पुन्हा ऑक्सिजनवर जावे लागू शकते, आणि हे विषाणू थंडीत, म्हणजे नेमके नाताळाच्या दिवसांत, सर्वांत जास्त पसरतात. दिवसांचा हिशेब केला तर तुमची नात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मायची होती. नाताळाच्या दिवशी ती कॅलेंडरप्रमाणे तीन महिन्यांची होईल, पण वाढीच्या दृष्टीने जेमतेम अडीच आठवड्यांची असेल.

म्हणून यंदाच्या नाताळात बाळाला सर्वांच्या हातांत द्यायचे नाही, या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या सुनेच्या बाजूची आहे. यासाठीही मला हन्नाच आठवते. शमुवेल झाल्यानंतर घरचे सारे दरवर्षीच्या यज्ञासाठी शिलोला निघाले, तेव्हा ती गेली नाही; मुलाचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असे तिने सांगितले, आणि तिच्या नवऱ्याने, एलकानाने, ‘तुला बरे वाटेल तसे कर’ म्हणून तिला घरी राहू दिले. ज्या देवाजवळ तिने ते मूल मागितले होते त्याच्याच मंदिरात ती वर्षानुवर्षे गेली नाही, आणि कोणी तिला भक्तीत उणी म्हटले नाही.

मात्र ‘कोणीच हात लावायचा नाही’ हा शब्द जसाच्या तसा कायम राहावा असे मला वाटत नाही, आणि माफी मागितल्यावर तो राहणारही नाही अशी मला आशा आहे. कारण अशा बाळाला घरी सर्वांत जास्त गरज असते ती उबेची, आणि ती देण्याची उत्तम रीत म्हणजे बाळाला उघड्या छातीवर ठेवणे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८-७९ च्या सुमारास अशा बाळांना उबेत ठेवण्याच्या पेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडत होत्या, म्हणून डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्तीनेस यांनी ही ‘कांगारू’ पद्धत सुरू केली. आज जागतिक आरोग्य संघटना ती दिवसातून किमान आठ तास आणि शक्य तितका अधिक वेळ द्यावी असे सांगते, आणि या पद्धतीने बाळांचे मृत्यू कमी होतात हे भारतासह अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. कोणतीही एकटी आई रोज इतके तास, शिवाय दर दोन-तीन तासांनी दूध काढून आणि पाजून, हे करू शकत नाही. तिला नवऱ्याची छाती लागेल आणि आजीची लागेल. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे, आपल्या छातीवर उभे धरायचे, मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवायची, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते, आणि जुन्या मऊ सुती साडीच्या पट्ट्याने दोघांना एकत्र बांधायचे. एका वेळी तासभर तरी बसावे. त्याआधी अंगठ्या आणि बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत. घसा जरा खवखवत असला तरी त्या दिवशी स्वतःहून मागे राहावे, आणि बाळाचा मुका कोणीही घेऊ नये. ताई, ही पाळी तुम्ही मागू नका. ‘तुला झोपायचे असेल तेव्हा मला हाक मार’ एवढेच सुनेला सांगून ठेवा. रात्री दोनला ती हाक येईल तेव्हा तुमची नात तुमच्या छातीवर असेल.

जपमाळ मंडळाला तुम्ही सांगावे की, प्रार्थना चालू ठेवा, फक्त जागा बदला. आमच्या ओळखीच्या एका घरात अंगणात खुर्च्या मांडून जपमाळ झाली. आतल्या खोलीत खिडकीशी आई बाळ घेऊन बसली होती आणि भक्तिगीते तिला स्पष्ट ऐकू येत होती. नंतर तिने मला सांगितले की, बाळ झाल्यापासून त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा रडली आणि तिला हलके वाटले. याशिवाय मंडळातील प्रत्येक घराने आठवड्याचा एक दिवस डबा द्यावा, एकीने कपडे धुवावेत, कोणी पुण्याच्या तपासणीसाठी गाडीची सोय करावी. मोठ्या घराची आणि एकजीव मंडळीची खरी ताकद अशा कामांत असते, आणि ती ज्यांना नाही अशा आया मी फार पाहिल्या आहेत. धुरी, शेगडी, गुटी आणि मध मात्र या बाळाला पूर्ण वर्ज्य आहेत. घरात ज्या कोणी बाळंतिणीचे करतात त्यांना हे आधीच प्रेमाने समजावून ठेवा.

बाप्तिस्मा पुन्हा करावा लागणार नाही, आणि करताही येणार नाही, कारण तो एकदाच होतो. मृत्यूचा धोका असलेल्या बाळाला विलंब न करता बाप्तिस्मा द्यावा, आणि धर्मगुरू जवळ नसतील तर योग्य हेतू असलेल्या कोणाही माणसाने तो द्यावा, असे कॅथलिक धर्मविधान सांगते. परिचारिकेने पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तो दिला असेल तर तो पूर्ण आहे. तुमच्या मुलाने त्या परिचारिकेचे नाव, तारीख आणि साक्षीदार लिहून घेऊन ते धर्मग्रामाच्या फादरना कळवावे, म्हणजे नोंदवहीत नोंद होईल. पुढे बाळ धडधाकट झाले की त्याला चर्चमध्ये आणून राहिलेले विधी, म्हणजे पवित्र तेलाचा अभ्यंग, पांढरे वस्त्र आणि पेटती मेणबत्ती, पूर्ण करता येतात. त्या दिवशी धर्ममातापिता, नातलग आणि जेवणावळ सारे काही होऊ द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी सरल्यावर आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून तो दिवस ठरवला तर मला अधिक योग्य वाटेल.

झग्याविषयी मात्र मी तुम्हाला सावध करते. असे जपून ठेवलेले कपडे आपण डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवतो. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासाने आणि स्पर्शाने भराभर फुटतात आणि कावीळ मेंदूला इजा करण्याइतकी वाढू शकते. ही कमतरता आपल्याकडे विरळ नाही आणि बाहेरून दिसतही नाही. झगा आजच पेटीतून काढा, बाळाच्या खोलीपासून दूर अनेक दिवस वाऱ्यावर आणि उन्हात ठेवा, दोनतीनदा धुवा. तरीही वास राहिला तर बाळाला नवा सुती झगा शिवा आणि जुना विधीच्या वेळी जवळच्या मेजावर मांडून ठेवा.

दुधाची काळजी सोडा. पुण्यातील रुग्णालयाने दिलेले दूध मातृदुग्धपेढीतले असणार. अशी आशियातील पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. दूध देणाऱ्या मातांची रक्ततपासणी होते, आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून, जंतूंची चाचणी करून मगच बाळाला देतात. ज्या दिवसांत तुमच्या सुनेला दूध उतरत नव्हते, त्या दिवसांत डब्यातल्या दुधापेक्षा या अनोळखी मातांच्या दुधाने बाळाच्या आतड्यांचे अधिक रक्षण केले. त्या मातांची नावे तुम्हाला कळणार नाहीत. तुमच्या जपमाळेत त्यांच्यासाठी दहा मण्यांचे एक दशक म्हणा. घरी आल्यावरही बाळ चोखून लवकर दमले तर काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा उकळलेल्या बोंडल्याने पाजावे. बाटली आणू नका.

तुम्ही विचारले नाही तरी एक गोष्ट सांगते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. ही तपासणी झाली असेलच. पण पुढची तारीख चुकवू नका, मग ती नाताळाच्या आदल्या दिवशी असली तरी जा. पडद्याचा हा विकार वेळेत सापडला तर उपचार होतो, काही आठवडे उशीर झाला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. कानांची तपासणीही करून घ्या. लसी बाळाच्या खऱ्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, त्यासाठी थांबू नका. गावच्या आशाताई घरी येतील, त्यांना आत घ्या. अशा घरभेटींचे मोल डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केले आहे. त्यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. बाळ दूध घेईनासे झाले, पाय गार पडले, श्वास मध्येच थांबला किंवा ओठ निळसर दिसले, तर कोणाचाही सल्ला घेत न बसता रुग्णालय गाठा.

प्रश्न : आमचे कुटुंब अहिल्यानगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतील आहे. आमचा मुलगा तेहतिसाव्या आठवड्यात झाला आणि आता आठ महिन्यांचा आहे. तो आधाराशिवाय बसत नाही. रविवारच्या उपासनेनंतर भगिनी त्याची तुलना माझ्या बहिणीच्या सहा महिन्यांच्या मुलीशी करतात आणि माझी पत्नी आता उपासनेला येणेच टाळते. त्याची वाढ मागे आहे का? — एक वडील

उत्तर : तुमचा मुलगा सात आठवडे आधी आला, तेव्हा ते आठवडे वजा करा. वाढीच्या हिशेबाने तो साडेसहा महिन्यांचा आहे, आणि या वयात आधाराशिवाय न बसणे स्वाभाविक आहे. दोन वर्षांचा होईपर्यंत बसणे, चालणे, बोलणे याच सुधारित वयाने मोजावे. तो तुमच्याकडे पाहून हसत असेल, आवाजाकडे वळत असेल, दोन्ही हातांनी वस्तू धरत असेल आणि मान धरत असेल, तर थांबा. एकच हात वापरत असेल, अंग ताठ किंवा फार सैल वाटत असेल, तर मात्र याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उपासनेनंतरच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे काम तुमच्या पत्नीवर सोडू नका. पुढच्या रविवारी मुलाला तुम्ही घ्या, तिच्या शेजारी उभे राहा, आणि कोणी वय विचारले तर तुम्हीच सांगा, ‘साडेसहा महिन्यांचा.’